पिटोचं टोपडं

लढाईच्या दिवसांत बेळगावाबाहेरच्या माळावर विमानं उतरू लागली, तेव्हा निपाणीकडचा पारिसा तिथं फिटर म्हणून लागला. घरची तंबाखूची शेती होती, पण गड्याचा जीव पहिल्यापासून यंत्रात. तेलाची इंजिनं दुरुस्त करता करता तो सरकारी कारागीर-शाळेत शिरला आणि तिथून थेट विमानाच्या काट्यांना येऊन भिडला. पायलटच्या पुढ्यात जी घड्याळं असतात, ती उंची आणि वेग खरा दाखवतात की थापा मारतात, हे बघणं त्याचं काम.

त्यातलं वेगाचं घड्याळ भारी नाजूक. त्याची एक बारीक नळी पंखाच्या पुढं वाऱ्याकडं तोंड करून असते, तिला पिटो म्हणतात. वारा नळीत शिरला की काटा हलतो. नळी बुजली की काटा मुका होतो. आणि वेग कळेना झाला की उतरताना पायलटची खैर नाही. फार हळू आला तर विमान धाडकन खाली बसतं, फार जोरात आला तर माळ संपला तरी थांबत नाही. म्हणून विमान परतलं की नळीवर कापडाची टोपी चढवून नाडी बांधायची. पंखांचं कापड आणि तारा बघणारा उचगावचा परशराम थट्टेखोर होता. तो तिला तान्ह्या पोराचं टोपडं म्हणायचा, आणि माळावर तेच नाव रुळलं.

टोपड्याचा एक नियम पारिसानंच घालून दिला होता. सकाळी जो नळी तपासेल त्यानंच टोपडं उतरवायचं. टोपडं उतरलेलं दिसलं की नळी तपासलेली आहे, परत बघायचं कारण नाही. साहेबाच्या पुस्तकात असलं काही नव्हतं, पण नियम सोपा आणि उपयोगाचा होता, म्हणून सगळे मुकाट पाळायचे.

पारिसा जैन, आणि तोही कडक. पाणी गाळल्याशिवाय प्यायचा नाही, दिवस मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, उरकायचा. मावळल्यावर पंचपक्वान्नाचं ताट पुढं आलं तरी शिवायचा नाही. वाटेत मुंगी दिसली तर आमचा पारिसाअण्णा तिला हात जोडून वाट मागतो, असं परशराम सगळ्यांना सांगत सुटायचा. पारिसा हसायचा आणि मुंगी ओलांडून जायचा.

भादव्यात त्यांचं पर्व आलं. व्रताचे दिवस, जिवाला जपण्याचे. पर्वाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पारिसा टोपडं घेऊन शेवटच्या विमानापाशी गेला, तर नळीच्या तोंडाशी एक कुंभारीण घुटमळत होती. ही माशी भोक दिसलं की त्यात चिखलाचं घर बांधते. बघता बघता ती नळीत शिरली. पारिसानं टिचकी मारली, फुंकर घातली, पण बाई काही बाहेर येईना. दिवस तर कलला होता. अंथऊची वेळ टळत होती. तार घालावी तर माशी मरणार आणि टोपडं चढवावं तर आत गुदमरणार, आणि तेही पर्वात. त्याचा हात काही उचलेना. रात्री ती आपली उडून जाईल, सकाळी आपणच नळी साफ करू, असा विचार करून त्यानं टोपडं खिशात घातलं आणि तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला जायचं होतं. त्या विमानाची फेरी उन्हं चढल्यावर होती, तोवर तो आरामात परत येणार होता. पण आभाळ भरून यायला लागलं आणि साहेबानं फेऱ्या अलीकडं ओढल्या. पारिसा कपाळाला गंध लावून सायकलवरून माळाच्या फाटकाशी पोचला, तेव्हा तेच विमान जमीन सोडत होतं.

सायकल टाकून तो धावत सुटला. परशराम भेटला तेव्हा त्यानं दम खात विचारलं, नळी बघितलीस का? परशराम म्हणाला, टोपडं उतरलेलं होतं, मला वाटलं बस्तीला जायच्या आधी तू येऊन गेलास. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नियम पारिसाचा होता आणि तो त्यानं पाळला होता.

विमानात घोरपडे होता, कोल्हापूरकडचा, नुकतं लग्न झालेला पोरगा. विमान माळावर घिरट्या घालू लागलं तेव्हा पारिसा समजला की काटा मुका आहे. त्याच्या हातात आता काहीही नव्हतं. तो मनात णमोकार मंत्र म्हणू लागला आणि अर्ध्यातच विसरला. जन्मात पहिल्यांदा विसरला.

घोरपडे अंदाजानं खाली आला, फार जोरात आला. चाकं टेकली, विमान उसळलं, परत टेकलं आणि माळ ओलांडून पलीकडच्या नाचणीच्या शेतात घुसलं. खालचा पंख मोडला. घोरपड्याचा ओठ फाटला, पण तो आपल्या पायांनी उतरला. त्याला चालताना बघून पारिसाला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

विमान शेतातून ओढून आणल्यावर पारिसानं सगळ्यांसमोर नळी सोडवली आणि तार घातली. चिखलाचं बूच निघालं, मागोमाग हिरव्या अळ्या. मेलेल्या नव्हत्या, पण हलतही नव्हत्या. कुंभारणीनं उजाडल्यापासून पिल्लासाठी डंख मारून भरून ठेवलेला शिधा होता तो. जिच्यासाठी टोपडं घातलं नव्हतं, ती आत नव्हतीच.

गोरा साहेब परशरामवर घसरला. सकाळची पाळी त्याची होती. टोपडं आधीच उतरलेलं होतं, एवढंच परशराम सांगत राहिला. आदल्या संध्याकाळी ते कुणी चढवायचं होतं, ते मात्र बोलेना. साहेब त्याला खोटारडा म्हणाला तेव्हा पारिसा पुढं झाला आणि खिशातलं टोपडं काढून त्यानं टेबलावर ठेवलं. साहेबानं विचारलं, का घातलं नाहीस? घोरपडे ओठाला कापूस लावून शेजारी बसला होता. मधलं बोलणं तोच इकडून तिकडं सांगत होता.

"आत जीव हुता, सायब," पारिसा म्हणाला.

घोरपड्यानं ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मराठीतच म्हणाला, "वर मी होतो रे."



पारिसाला गोदामात खिळे-नट निवडायला बसवलं. नोकरी जायची ती घोरपड्याच्या शब्दानं वाचली, असं म्हणतात. दिवाळी झाल्यावर माणसं कमी पडली तेव्हा साहेबानं त्याला परत काट्यांवर घेतलं. आता तो दिवसभर ओलं फडकं घेऊन विमानांभोवती फिरायचा. कुंभारणीनं चिखलाचा पहिला गोळा लावला की लगेच पुसून टाकायचा. आत अंडं नाही, अळी नाही तोवरच. कुंभारणीशी भाऊबंदकी चाललीय, असं परशराम म्हणायचा.

आणि शेवटचं विमान आल्याशिवाय तो माळ सोडायचा नाही. एका संध्याकाळी घोरपड्याला यायला उशीर झाला. डबा लिंबाखाली तसाच होता आणि सूर्य टेकायला आला होता.

"जा अण्णा, खाऊन घे. टोपडं म्या घालतो," परशराम म्हणाला.

"न्हाय रं," पारिसा म्हणाला.

विमान उतरलं तेव्हा दिवस बुडाला होता. पारिसानं बॅटरी लावून नळीत बघितलं, टोपडं चढवलं, नाडी आवळून गाठ मारली आणि न उघडलेला डबा सायकलला अडकवून तो उपाशी गेला. घोरपडे पंखाशी उभा राहून हे बघत होता.

सकाळी घोरपड्याला लवकर निघायचं होतं. परशरामनं नळी तपासायला म्हणून टोपड्याच्या गाठीला हात घातला.

"राहू दे," घोरपडे म्हणाला. "पारिसाला येऊ दे."

आणि फाटकातून पारिसाची सायकल आत येईपर्यंत तो विमानात चढला नाही.