गाळणीखालचा नवरा

“स्वल्प ऐक गं देवश्री,” टाकी लावून झाल्यावर पद्मावतीअक्का आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या होत्या, “मादीकडे अंडी आहेत तोवर नराला तिच्यापासून तोडू नकोस. उपाशी राहील, पण अंडी टाकून घास घ्यायला यायची नाही ती.” अक्का तिच्या नवऱ्याच्या, मकरंदच्या प्रयोगशाळेतल्या. देवश्रीनं खांद्यावरची तान्ही वेदिका सावरत मान हलवली आणि ते कानाआड केलं. तिला काय करायचंय असल्यांच्या संसाराशी!

प्रयोगशाळेत रंगकाम निघालं, म्हणून मॅन्टिस श्रिंपची ही जोडी बंगळूरात मल्लेश्वरमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आली होती. नाव कोळंबीचं, पण कोळंबी नव्हे. बोटभर अंग, देठांवर डोळे. एक इकडे फिरतो, तर दुसरा तिकडे. बीळ म्हणजे काचेला चिकटवलेला अर्धा पाइप, त्यामुळे आतलं सगळं दिसे. मादी अंड्यांचा पिवळा गोळा पायांत धरून सारखी फिरवत, साफ करत बसे. शिकार नराची. तो दाराशी वाळूत दबा धरी, काटेरी पाय भाल्यासारखे फेकी, आणि मिळालेला घास आधी आत नेऊन तिला देई.

“बघ ना, किती सांभाळतो तिला!” कामावरून आला की मकरंद बूटसुद्धा न काढता टाकीपुढे बसायचा.

“शिकवणी लाव त्याच्याकडे.”

तो हसायचा. त्याला तो विनोद वाटायचा.

देवश्रीच्या मात्र अंगाची लाही व्हायची. एवढीशी ती बया, आणि तिला बसल्या जागी घास!

त्या सकाळी वेदिका मांडीवरून उतरायला तयार नव्हती. देवश्रीची उपम्याची बशी टेबलावर तशीच. निघताना मकरंद टाकीकडे बोट दाखवून म्हणाला, “तिच्या खाण्याकडे लक्ष ठेव हं, काल कमी खाल्लंय.”

तिच्या!

तो गेला. नर बाहेर येताच देवश्रीनं एका हातानं वेदिकाला छातीशी धरून दुसऱ्या हातानं चहाची मोठी गाळणी त्याच्यावर पालथी घातली. कोळंबीचा तुकडा चिमट्यानं बिळाबाहेर ठेवला. “या बाईसाहेब. उठा आणि खा आपल्या हातानं.”

मादी उठली नाही. डोळे तुकड्याकडे वळायचे, पाय अंडी फिरवत राहायचे. दुपार कलली. वेदिका प्यायली, झोपली, उठून पुन्हा प्यायला लागली. आता येईल, मग येईल, म्हणत देवश्री बघत राहिली. मग गोळ्यातून थोडी अंडी सुटून वाळूवर पडली, आणि अक्कांचे शब्द तिच्या कानात वाजले. टाकीच्या काचेतून पलीकडे उपम्याची बशी दिसत होती, वाळून कोरडी झालेली. देवश्री तरी खायला कुठे उठली होती?

तिनं घाईनं गाळणी उचलली. नर तुकडा घेऊन थेट बिळात शिरला.

संध्याकाळी मकरंद वाळूकडे बघून दचकला. “अगं, अंडी कशी पडली? दिवसभर तिनं खाल्लं की नाही काही?”

“खाल्लं. नवऱ्यानं आणून दिलं.”

“हां, मग ठीक,” तो म्हणाला आणि टॉर्च घेऊन वाकला. उपम्याची बशी कोपराला लागली, तशी त्यानं ती न बघताच बाजूला सरकवली.

म्हणून देवश्रीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या मजल्यावर कुणी नवी बाळंतीण असेल, तर एकदा डोकावून या. बेल नको, बाळ नुकतंच झोपलेलं असतं. दार हळूच वाजवा. बाळाची चौकशी मागाहून करा. आधी तिची बशी बघा.