बाईंच्या दहा ओळी

“बाई, दहा ओळी दाखवा,” मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

नियम त्यांचाच होता. आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतोच, माझा कोड बरोबर आहे, चूक कंपायलरची. म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामची. बाई म्हणायच्या, कापत कापत दहा ओळींवर आण, तरी बिघाड दिसला तर बोलू. बहुतेकांना वाटेतच स्वतःची चूक सापडे. मग चुकीच्या त्या ओळी छापून, खाली स्वतःची सही करून ज्यानं त्यानं बोर्डाला टाचायच्या. तिथे माझे चार कागद होते. बाईंचा एकही नव्हता. आता मी त्यांचा साहेब झालो होतो, तरी त्या बोर्डासमोरून जाताना चोरासारखा जायचो.

बाईंची गणिताची लायब्ररी, म्हणजे हिशेब करणारा त्यांचा तयार कोड, एकोणीस वर्षं औषधाच्या पंपांत होती. शिरेतून तासाला किती औषध सोडायचं, ते ती ठरवायची. पंपवाल्यांनी नवी चिप घेतली, तिच्यासाठी नवा कंपायलर आला आणि घोळ झाला. डोस प्रमाणाबाहेर गेला की पंप थांबायला हवा, तो थांबेना. वेगासाठी कोड आवळायची कंपायलरची सोय बंद केली की मात्र मुकाट्यानं थांबायचा. दोष कंपायलरचा आहे, असं बाईंनी आदल्या दिवशी पंपवाल्यांना लेखी कळवलं होतं. चारला त्यांचा फोन येणार होता. पटलं नाही तर लायब्ररी जाणार, आणि बाईंकडे दुसरं काम नव्हतं.

“मी चुकले असं वाटतंय तुला?”

“तसं नाही. पण ते विचारतील.”

“मग तूच आधी विचारलंस ते बरं केलंस.”

अकराला त्या बसल्या. चार हजार ओळी होत्या. थोडा भाग कापायचा, चालवून बघायचं, बिघाड टिकला तर पुढे कापायचं. एक वाजता तीनशे उरल्या. डबा तसाच पडला होता. मी पाण्याच्या निमित्तानं चार चकरा मारल्या.

“अरे, किती पाणी पितोस? बस एका जागी,” बाई म्हणाल्या. मी बसलो, पण कशात लक्ष लागेना.

तीन वीसला त्यांनी हाक मारली. पडद्यावर दहा ओळी होत्या. बिघाड अजून होता. मला हायसं वाटलं.

“ही ओळ वाच,” बाई म्हणाल्या. ओळीचा अर्थ असा होता: बेरीज पहिल्या आकड्यापेक्षा लहान आली, तर ती ठरलेल्या जागेत न मावता उलटून लहान झाली आहे, पंप थांबवा.

“बरोबरच आहे की.”

“नाही. बेरीज मावेल एवढे आकडे देणं माझं काम, असा या कोडच्या भाषेचा नियम आहे. नवा कंपायलर माझ्यावर विश्वास ठेवतो. असं होणारच नाही म्हणतो आणि तपासणीच काढून टाकतो. जुना बिचारा काढत नव्हता, म्हणून इतकी वर्षं निभावलं.”

मी दार लोटून घेतलं. “बाई, या फाइलपुरतं आवळणं बंद ठेवू. चाचणी पास होते. कुणाला कळायचंही नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला शरम वाटली. तरीही मी ते पुन्हा म्हणालो.

बेरजेआधीच तपासणी होईल अशी ओळ बाईंनी नव्यानं लिहिली. चाचणी पास झाली. तेवढ्यात फोन वाजला.

“माझं कालचं पत्र चुकीचं होतं,” त्या म्हणाल्या. “चूक कंपायलरची नाही, माझी आहे. दुरुस्त केली आहे.”

पलीकडून प्रश्न आला, “आणि जुने पंप?”

“त्यांत तपासणी शाबूत असावी. पण असावी म्हणून चालणार नाही. प्रत्येक आवृत्ती उघडून बघते, आजपासूनच.”

“लायब्ररी ठेवतो आम्ही. पण यापुढे तिच्यावर सही दुसऱ्या कुणाची तरी हवी.”

“योग्य आहे,” बाई म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे सरकवला. सही मी करीन, असं मी कसाबसा म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा बाई छापलेल्या दहा ओळींखाली सही करत होत्या.

“राहू द्या ना, बाई.”

“का? नियम सगळ्यांना आहे.”

टाचण्यांची डबी रिकामी होती. माझ्या एका कागदाला दोन टाचण्या होत्या. त्यांतली एक काढून बाईंनी आपला कागद शेजारी लावला, सरळ लागलाय का ते पाहिलं, आणि एकोणीस वर्षांपूर्वीची पहिली आवृत्ती उघडायला जागेवर जाऊन बसल्या.