नमुना क्रमांक एकशे बारा

"अहो, आणखी किती वेळ चालणार हे दळण?" पद्मानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"दोन तास झालेत. अजून एक," दीनानाथ म्हणाले. यंत्रावरची नजर मात्र त्यांनी काढली नाही.

"म्हणजे पोळ्यांवर भुसा आणखी एक तास."

"मधलं दार लाव की."

"दार लावलं की माझी इथं भट्टी होते. लखनौत, जूनमध्ये, दार लाव म्हणणारा माणूस..." पुढचं वाक्य यंत्राच्या किंचाळण्यात बुडालं, आणि ते बरंच झालं.

यंत्र मागच्या गॅलरीत होतं. निशातगंजच्या पाचव्या गल्लीतल्या त्या घराला गॅलरी अशी ही एकच, आणि तिच्यात आता माणसाला उभं राहायला जेमतेम दोन फरशा उरल्या होत्या. उरलेल्या जागेत ॲल्युमिनियमचे चॅनेल होते, कपाटाच्या खणांना लावतात तसल्या सरकपट्ट्या होत्या, कबाडीवाल्याकडून आणलेल्या जुन्या झेरॉक्स मशीनच्या तीन मोटरी होत्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध उलटा टांगलेला, लाकूड कोरणारा, भुंग्यासारखा गुणगुणणारा एक फिरता कटर होता. याला सीएनसी राउटर म्हणतात. संगणकावर चित्र द्यायचं आणि बाजूला बसून बघायचं. एक मोटर कटरला आडवं नेते, दुसरी उभं नेते, तिसरी खाली-वर करते, आणि लाकडात चित्र उमटतं. निदान इंटरनेटवरच्या चित्रफितींत तरी उमटतं. दीनानाथांच्या गॅलरीत ते उमटायला तेरा महिने लागले होते.

रेल्वेच्या कचेरीत चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसानं निवृत्तीनंतर असलं काही करावं यात नवल नव्हतं. लोक म्हणायचे, छंद चांगला आहे. पद्माही आल्यागेल्याला तेच सांगायची. खरं कारण दीनानाथांच्या उजव्या हातात होतं.

तो हात थरथरत होता. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी टोकदार पेन्सिल कागदावर टेकवली आणि रेघ केसासारखी सरळ यायची ती मुंगीच्या चालीनं आली. त्यांनी ती खोडली. दुसरी काढली. तीही तशीच. मग कागद गुंडाळला, पेन्सिल डब्यात ठेवली आणि पद्माला सांगितलं, "डोळे दुखताहेत जरा."

पद्माला सांगायची पाळी आली, कारण रेघ तिच्यासाठी होती. लग्नानंतर मिरजेहून इथं आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं; शेजारच्या बायकांत बसून आधी चिकनचं भरतकाम शिकली आणि मग हिंदी. तिचे सगळे नमुने दीनानाथ काढायचे. ट्रेसिंग कागदावर वेल, फुलं, आंब्याच्या कोयऱ्या. मग ती टाचणीनं कागदाला भोकं पाडायची, कापडावर ठेवून घासलेटात कालवलेली नीळ फिरवायची, आणि निळ्या ठिपक्यांवरून सुई चालवायची. काम झालं की कापड धुवायचं. नीळ निघून जाते, पांढरा दोरा राहतो. दीनानाथ असे की त्यांनी प्रत्येक नमुन्याला कचेरीतल्यासारखा क्रमांक दिला होता. उजव्या कोपऱ्यात, ताठ अक्षरात: नमुना क्र. १. प्रमाण १:१. पद्मासाठी. पद्मा त्यावरून त्यांना चिडवायची, "पुलाचा नकाशा आहे का हा? मंजूर कोण करणार, बडे साहेब?" पण भोकं पाडताना कोपऱ्यातली अक्षरंही सोडायची नाही. ती कापडावर निळी उमटायची आणि पहिल्या धुण्यात जायची. असे एकशे बारा नमुने झाले होते.

एकशे तेरावा झाला नव्हता.

"डोळे दुखताहेत" एक महिना चाललं. मग त्यांनी म्हटलं, "कागदाला भोकं पाडत बसतेस, मी तुला ठप्पाच करून देतो. जुन्या बाजारात कापड छापणाऱ्यांकडे असतो तसा, लाकडी. यंत्रावर." आणि एकदा म्हटल्यावर करणं आलं. यंत्र चाललं तर तिच्या मागण्या यंत्राकडे जातील आणि हाताचं कधीच कळणार नाही, असा साधा हिशेब होता. आज, या रविवारी, तो हिशेब लागायचा होता. कटर एकशे बारावा नमुना कोरत होता. दीनानाथांनी तो कपाटातून गुपचूप काढला होता. त्या कागदाला एकही भोक नव्हतं. पद्मानं तो कधी वापरलाच नव्हता. आवडला नसावा, असं त्यांना वाटलं, आणि जरा लागलंही.

दाराची कडी वाजली. खालच्या मजल्यावरचे तिवारीजी आले होते. लखनौचा माणूस भांडायला आला तरी आधी तब्येत विचारतो.

"दीनानाथजी, तबीयत तो ठीक है?"

"जी, आपकी दुआ से."

"नहीं, सुबह से ऐसा लग रहा है जैसे हमारे सिर पर कोई दाँत का डॉक्टर बैठा हो. अब तो हमारी अपनी दाढ़ दुखने लगी."

"बस एक घंटा और, तिवारीजी."

"एक घंटा तो आपने नाश्ते के वक़्त भी कहा था. भाभीजी, आप ही समझाइए."

"भाईसाहब, मैं तो शादी के दिन से समझा रही हूँ," पद्मा आतून म्हणाली. "आप दशहरी ले जाइए, ठंडे हैं." पाण्याच्या बादलीतले चार आंबे तिनं त्यांच्या हातात दिले. मलिहाबादचे दशहरी हातात पडल्यावर दाढ दुखतेय असं कोण म्हणेल. तिवारीजी खाली गेले.

पद्मानं चहा आणला. अर्धा कप. हल्ली ती कपात अर्धाच चहा घालायची. "साखरेचं सोड, चहाचंही रेशन झालं का आता?" ते म्हणाले.

"उन्हाळा आहे. अर्धा प्या, परत मागा," ती म्हणाली आणि गेली.

एक तासानं कटर वर उचलला गेला आणि थांबला. गल्लीत अचानक इतकी शांतता झाली की खालच्या सायकलवाल्याची घंटी गॅलरीत वाजल्यासारखी वाटली. वीज गेली नव्हती, मोटर जळली नव्हती, पट्टा तुटला नव्हता. दीनानाथांनी रंगाच्या ब्रशनं भुसा झाडला. शिसवीच्या तुकड्यावर वेल उभी होती, बारीक, धारदार, पानापानाची कड स्पष्ट. मग त्यांनी कोपरा पाहिला.

अक्षरं उलटी होती. आरशात दिसतात तशी. वेलसुद्धा उजवीकडे झुकायची ती डावीकडे झुकली होती.

का, ते त्यांना त्याच क्षणी कळलं. आडव्या मोटरीच्या वायरी. चार रंगांच्या चार वायरी चार इवल्या स्क्रूंखाली बसवायच्या होत्या. त्या दिवशी उजवं मनगट डाव्या हातानं धरून त्यांनी त्या बसवल्या, आणि काळी-हिरवी आपसांत बदलली असणार. मग मोटर उलटी फिरते. गेले आठ दिवस त्यांनी चाचणीला चौकोन कोरले, वर्तुळं कोरली, आणि सगळं बिनचूक आलं म्हणून खूश झाले. चौकोन उलटा केला तरी चौकोनच दिसतो, हे ड्राफ्ट्समनच्या लक्षात येऊ नये.

वायरी सरळ करायला दोन मिनिटं लागतात. पद्मा यायच्या आत करू, नवा तुकडा लावू, तिवारीजींना आणखी आंबे पाठवू. त्यांनी बारीक पेचकस घेतला आणि स्क्रूच्या खाचेवर टेकवला. तो टेकेना. टिक टिक टिक. धातूवर धातू वाजत राहिलं. त्यांनी मनगट धरलं. डावा हातही आज साथ देईना. टिक टिक टिक.

"राहू द्या," पद्मा दारातून म्हणाली. किती वेळ उभी होती कोण जाणे. "तीन तास उभे आहात. हात थकलाय."

हो म्हणायचं, की संपलं असतं. वाक्य तिनंच हातात दिलं होतं.

दीनानाथांनी पेचकस खाली ठेवला. "थकलेला नाही," ते म्हणाले. "चौदा महिने असाच आहे."

"पंधरा," पद्मा म्हणाली.

"काय?"

"पंधरा महिने. त्याच्या आधीच्या महिन्यात जेवताना वरणाची वाटी सांडली होती. तुम्ही म्हणालात, वाटीचं बूड वाकडं आहे. ती वाटी मी अजून वापरते. काही वाकडं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. पुढं तर तुम्ही डॉक्टरकडेच जाऊन आलात. म्हटलं, आता सांगतील."

"मी कुठं... कोण म्हणालं?"

"बेअरिंग आणायला अमीनाबादला जातो म्हणून गेलात ना? अहो, अमीनाबादेत बेअरिंग नाही मिळत. कापड मिळतं. मी दर महिन्याला जाते तिथं. आणि आलात तेव्हा शर्टाला दवाखान्याचा वास होता." ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

"कंपवाताचा तो मोठा आजार नाही म्हणाले. तपासलं नीट, चालायला लावलं, लिहायला लावलं. नुसता हात आहे. वाढेल हळूहळू, जिवाला काही नाही."

पद्मा आंब्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसली. पदर तोंडाला लावला आणि तशीच राहिली. दीनानाथांना आधी वाटलं, रडतेय. ती नुसती श्वास घेत होती, लांब लांब, गच्चीवर पाण्याचे हंडे नेऊन ठेवल्यावर माणूस घेतो तसा.

"पंधरा महिने मी तोच आजार धरून चालले होते," ती शेवटी म्हणाली. "माहेरी, मिरजेच्या अण्णांना होता तो. देवासमोर बसले की रोज तेच. आणि तुम्ही खिशात 'नाही' घेऊन फिरत होतात."

"तुला त्रास नको म्हणून."

"हो ना. फार वाचवलात." मग ती उठली आणि यंत्रापाशी आली. "दाखवा काय झालंय."

"उलटं झालंय. वायर चुकली. हातामुळं." हे म्हणताना त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "सरळ करतो उद्या. म्हणजे, तू स्क्रू पिळ, मी सांगतो."

पद्मानं शिसवीचा तुकडा उचलला, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "कशाला सरळ? ठप्पा उलटाच असतो."

दीनानाथांनी मान पुढं काढून तुकड्याकडे पुन्हा पाहिलं.

"छपाईवाल्यांकडचे ठप्पे कधी पाहिले नाहीत का? सगळे उलटे. तेव्हा कुठं कापडावर सरळ येतं."

यंत्राच्या नादात ठप्पा म्हणजे काय हेच डोक्यातून गेलं होतं. संगणकात चित्र आधी उलटवून घ्यायला हवं होतं. ते त्यांनी केलंच नव्हतं. वायरी बरोबर लागल्या असत्या तर आज अक्षरं लाकडावर सरळ आली असती, त्यांनी आनंदानं आरोळी ठोकली असती आणि कापडावर सगळं उलटं उमटलं असतं.

"म्हणजे मी दोनदा चुकलो," ते सावकाश म्हणाले.

"एकदा डोकं चुकलं. ते हातानं निस्तरलं," पद्मा म्हणाली आणि ठप्पा घेऊन आत गेली.

तिनं ताटलीत नीळ कालवली, चिंधीची घडी त्यात भिजवली, ओट्यावर चादर दुमडून त्यावर मलमलचा तुकडा अंथरला. ठप्पा चिंधीवर टेकवून कापडावर ठेवला आणि वरून मुठीनं दोन ठोके दिले. उचलला.

वेल उजवीकडे झुकली होती. पानांची टोकं सुईसारखी. आणि कोपऱ्यात, निळ्या शाईत, ओळंब्यानं मारल्यासारख्या ताठ काना-मात्रांत: नमुना क्र. ११२. प्रमाण १:१. पद्मासाठी.

दीनानाथ वाकले. ती रेघ त्यांची होती. दुसऱ्या कुणाची नाही, छापखान्याची नाही. 'प'चा दांडा ते नेहमी किंचित लांब काढायचे. वरिष्ठ त्यावरून ओरडायचे. तो लांब होता.

"हा आवडला नव्हता ना तुला?" त्यांनी विचारलं. "कपाटात तसाच पडून होता."

"आवडला नाही कोण म्हणालं?"

"मग भोकं का नाही पाडलीस?"

"शेवटचा होता," पद्मा म्हणाली. "भोकं पाडली की कागद फाटतो दोन-चार वापरांत."

खालून तिवारीजींच्या रेडिओचा आवाज आला. गल्लीतल्या शांततेचा ते फायदा घेत होते.

पद्मानं चहा ठेवला. कपाटातून गोल चौकट आणली, ओलं निळं कापड पंख्याखाली वाळवून तिच्यात ताणून बसवलं, पांढरा दोरा ओवला. दीनानाथ खुर्चीत बसले. तिनं कप पुढं केला. तो काठोकाठ भरलेला होता.

ते कपाकडे बघत राहिले. गेल्या हिवाळ्यापासूनचे सगळे अर्धे कप त्यांना एकदम आठवले, आणि त्या सगळ्यांवर केलेली कुरकुरही.

त्यांनी कप उचलला. तो बशीवर किणकिणायला लागला. एरवी त्यांनी दुसरा हात लावून आवाज दाबला असता. आज वाजू दिला. चहा हिंदकळून बशीत सांडला. त्यांनी कप खाली ठेवला, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि फुंकर मारून प्यायले.

समोर पद्मानं चौकट गुडघ्यावर घेतली होती. सुरुवात ती नेहमी वेलीच्या देठापासून करायची. आज तिनं कापड फिरवलं, कोपरा आपल्याकडे घेतला, आणि जी अक्षरं पहिल्या धुण्यात जात आली होती त्यांच्यातल्या 'न'च्या निळ्या रेघेवर पहिला टाका घातला.