शिंपल्यातला पँथर आणि टिपणीसांच्या शंका

हेमचंद्र टिपणीसांनी एकतीस वर्षं डेट्रॉइटच्या गाड्यांचे ब्रेक तपासले आणि निवृत्त झाल्यावर तेच ब्रेक माणसांना लावायला घेतले. कुणी काही सांगू लागलं की चौथ्या-पाचव्या वाक्याला त्यांचा उजवा हात वर जायचा. "एक शंका आहे." डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात ते राहत; तिथल्या महाराष्ट्र मंडळात व्याख्यानाला येणारे पाहुणे आधी विचारून घ्यायचे, टिपणीस आज आहेत का? मधुमेहावर बोलायला आलेल्या एका डॉक्टरांनी तिसऱ्या शंकेला जे व्यासपीठ सोडलं, ते थेट पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. त्यांच्यासाठी आणलेला नारळ अजून मंडळाच्या कपाटात आहे.

बायको, सुचित्रा, होती तोवर निभावलं. ती जाऊन आता दोन वर्षं झाली होती, आणि चार बेडरूमच्या घरात शंका विचारायला फक्त टीव्ही उरला होता.

त्यांची मुलगी अनिका फ्लोरिडात डॉक्टर होती. मिशिगनमध्ये बर्फ पडायला लागलं की टिपणीस तिच्याकडे येऊन राहत. यंदा त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. दहा वर्षांच्या नातीने, सावनीने, उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्याकडे काढावी. त्यासाठी त्यांनी ट्रॉयमधली एक खोली रंगवून घेतली होती, सायकल आणून ठेवली होती आणि त्या सायकलचे ब्रेक चार वेळा तपासले होते. पण सावनीने ताडकन नाही म्हणून सांगितलं. "आजोबा प्रत्येक गोष्टीत क्वेश्चन विचारतात. आय कान्ट ईव्हन फिनिश अ सेन्टेन्स." टिपणीसांना हे फार लागलं. रागवावं तर पोरगी खोटं काहीच बोलली नव्हती.

दोन दिवसांनी सावनीनेच तोडगा काढला. तिच्या वर्गाची सहल सेमिनोल ह्या फ्लोरिडातल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर गेली होती. तिथे रॉझलिन नावाच्या एक आजीबाई जुन्या कथा सांगत. "तुम्ही त्यांची एक होल स्टोरी ऐकायची. नो क्वेश्चन्स. मग मी येते ट्रॉयला. नाहीतर नाही."

टिपणीसांनी तिच्या हातावर हात मारला. "बाबा, तुम्ही हरणार," अनिका म्हणाली.

शनिवारी सकाळी तिघं तिथे पोहोचले. ताडाच्या पानांनी शाकारलेलं, भिंती नसलेलं छप्पर होतं. खाली बाकं, बाकांवर बसमधून आलेली पंचवीसेक मंडळी. समोर रॉझलिनबाई. वय ऐंशीच्या पुढचं, रंगीत पट्ट्या जोडून शिवलेला पायघोळ घागरा, आणि जगात कसलीच घाई नसल्यासारखी मुद्रा. अनिका तळलेल्या भोपळ्याच्या पावाच्या रांगेत उभी राहिली. आजोबा आणि नात पहिल्या बाकावर बसले.

"अमेरिकेच्या सैन्याने आमच्याशी तीन युद्धं केली," रॉझलिनबाई म्हणाल्या. "आमचे लोक ह्या दलदलीत लपले आणि शरण गेले नाहीत. माझ्या आजीची आजी तेव्हा तान्ही होती. शिपाई दहा पावलांवरून गेले, पण गवतातल्या एकाही पोराने तोंडातून आवाज काढला नाही. म्हणून मी इथे आहे. त्यामुळे आमच्या घरची पद्धत अशी, की कथा चालू असताना बोलायचं नाही. कुणी मधे बोलून कथा मोडली तर मी ती मोडकी टाकून उठत नाही. पहिल्यापासून सांगते."

टिपणीसांनी मान डोलावली. पद्धत त्यांना एकदम पटली.

रॉझलिनबाईंनी सुरुवात केली. पृथ्वी नवीन असताना निर्मात्याने सगळे प्राणी एका मोठ्या शिंपल्यात ठेवले. त्याचा सगळ्यात लाडका पँथर. त्याला निर्माता म्हणाला, शिंपला उघडला की पहिला तू बाहेर ये. मग त्याने शिंपला बंद केला आणि...

"एक शंका आहे. व्हेंटिलेशनची काय सोय होती?"

आपण बोललो हे टिपणीसांना सावनीच्या तोंडाकडे बघून कळलं. रॉझलिनबाई रागावल्या नाहीत. त्यांनी घागरा सारखा केला. "पृथ्वी नवीन असताना," त्या म्हणाल्या.

"स्टोरी कुठे संपलीय?" सावनी कुजबुजली. "यू स्टिल हॅव अ चान्स."

दुसऱ्या खेपेला टिपणीसांनी दात घट्ट आवळून धरले. तरी पँथर आणि हरीण शेजारी शेजारी बसल्यावर त्यांच्याच्याने राहवेना. इतके दिवस पँथर खात काय होता? तिसऱ्या खेपेला शिंपल्याचा व्यास. चौथ्या खेपेला त्यांनी तोंडावर रुमाल धरला, आणि शंका रुमालातून आली. पाचव्या खेपेला ते नुसते खाकरले, पण त्या खाकरण्यात इतकी स्पष्ट शंका होती की रॉझलिनबाईंनी ती धरली.

दुपारचे बारा वाजले. बस सुटायची वेळ झाली, पण उतारूंपैकी कुणी हलेना. पँथर बाहेर आलेला पाहिल्याशिवाय जायचं नाही, असं ओहायोच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने जाहीर केलं. तिच्या अध्यक्षतेखाली एक शांतता समिती नेमली गेली. टॅम्पाच्या एका वकिलाने प्रतिज्ञापत्र लिहून टिपणीसांची सही घेतली. टिपणीसांनी सही केली आणि दुसऱ्या कलमावर शंका विचारली. हे कथेच्या बाहेरचं धरावं की आतलं, ह्यावर समितीत मतभेद झाले. रॉझलिनबाई म्हणाल्या, आतलं. पृथ्वी पुन्हा नवीन झाली.

पाहुण्यांसाठी मगरीशी कुस्ती खेळणारा वस्तीतला तरुण आपल्या खेळाची पाळी येण्याची वाट बघत होता. त्याची मगर झोपून गेली. एका जोडप्याचं सहाव्या आणि सातव्या खेपेच्या मधे भांडण होऊन लग्न मोडलं आणि नवव्या खेपेपर्यंत पुन्हा ठरलं. दोन नवीन बस आल्या. कथा नेमकी काय आहे हे मागे उभ्या असलेल्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की काही प्राणी कशात तरी अडकलेत आणि पुढच्या बाकावरचा एक म्हातारा त्यांना बाहेर येऊ देत नाही. त्यांनी पुठ्ठ्यांवर "पँथरला सोडा" असं लिहून घोषणा द्यायला सुरुवात केली.

त्यांच्यापैकी कुणीतरी फोन केला असणार. अडीचच्या सुमारास अग्निशमन दलाची लालभडक गाडी सायरन वाजवत आली. आतून चार धिप्पाड जवान आणि त्यांचा कॅप्टन उतरला. कॅप्टनच्या हातात धातू कापायचं हायड्रॉलिक यंत्र होतं.

"शिंपला कुठे आहे?" कॅप्टनने विचारलं.

"अजून सांगून व्हायचाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

कॅप्टनने वहीत तसं लिहून घेतलं. जनावरं जिवंत आहेत का? हो. किती वेळ झाला? रॉझलिनबाईंनी थोडा विचार केला आणि पृथ्वी नवीन होती तेव्हापासून, असं सांगितलं. कॅप्टनने तेही लिहिलं. टिपणीस खालमानेने बसले होते. त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं की आपण उठावं, गाडीत जाऊन बसावं आणि कुणालाही कधीही काहीही विचारू नये. मग त्यांची नजर यंत्रावर गेली.

"ह्याचं प्रेशर किती असतं हो?"

सबंध छप्पर कळवळलं. "आजोबाऽऽ!" सावनीने कपाळावर हात मारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टिपणीसांनी त्या डोळ्यांकडे पाहिलं. ही पोर आपल्याला हरवायला बसलेली नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपण जिंकावं म्हणून ती सकाळपासून जीव मुठीत धरून बसली होती.

मग ते स्वतःच उठले. अनिकाच्या हातातला भोपळ्याचा पाव त्यांनी अख्खा तोंडात कोंबला. दोन्ही हात मांडीखाली घेऊन ते हातांवर बसले. रॉझलिनबाईंना त्यांनी डोळ्यांनीच खूण केली.

पृथ्वी नवीन होती. शिंपला बंद झाला. पावाचा गोळा टिपणीसांच्या टाळ्याला चिकटला होता, कपाळावरून घाम निथळत होता. व्हेंटिलेशनची जागा निभावून गेली. हरणाचीही गेली. काळ लोटला. शिंपल्याजवळ उगवलेल्या झाडाची मुळं फोफावली आणि शिंपल्याला तडा गेला. इथवर कथा सकाळपासून एकदाही आली नव्हती. मागच्या माणसांनी पुठ्ठे खाली ठेवले. वारा शिंपल्याभोवती घिरट्या घालायला लागला, तडा रुंदावत गेला, आणि वाऱ्याने आत हात घालून पँथरला पहिलं बाहेर घेतलं.

अग्निशमनचा एक जवान हुंदका देऊन रडला. मागोमाग पक्षी उडाला. मग अस्वल, हरीण, साप, बेडूक, पाणमांजर, एकामागून एक सगळे निघाले. टिपणीसांच्या पोटात सतरा शंका साठल्या होत्या. त्यांनी एकही वर येऊ दिली नाही. शांतता समिती एकमेकांचे हात धरून उभी होती. दोनतीन वाक्यांत सगळं आटोपणार होतं.

"पण लास्ट कोण होतं?"

आवाज सावनीचा होता. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण प्रश्न सुटून गेला होता. "म्हणजे, सगळे गेल्यावर जो उरला तो. वॉझ ही स्केअर्ड? एकटाच आत?"

धक्क्याने शांतता समितीचे धरलेले हात सुटले. रॉझलिनबाई तिच्याकडे वळल्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही कधी विचारलंच नाही."

टिपणीसांनी पाव कसाबसा गिळला.

"घाबरतो," ते म्हणाले. "फार घाबरतो गं. सगळे होते तेव्हा धक्काबुक्की होती, पाय ठेवायला जागा नव्हती. आता शिंपला एवढा मोठा वाटतो की ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा कंटाळा येतो. मग तो दिवसभर टीव्ही लावून ठेवतो. कुणी भेटलं की विचारत सुटतो, हे असं का आणि ते तसं का. उत्तराशी त्याला काही घेणं नसतं. उत्तर देईपर्यंत समोरचा माणूस निघून जात नाही, म्हणून विचारतो."

अनिकाने तोंड फिरवलं. बाबा फोनवर तासतास वॉशिंग मशीनच्या शंका का विचारतात, हे तिला आत्ता समजलं, आणि आपण किती वेळा पेशंट आहे सांगून फोन ठेवला तेही आठवलं. कॅप्टनने यंत्र जमिनीवर ठेवलं आणि रेडिओ बंद केला.

"प्रश्न आला," रॉझलिनबाई म्हणाल्या. "आता पहिल्यापासून."

ह्या वेळी कुणाची कुरकुर नव्हती. जवान खाली मांडी घालून बसले. सावनी सरकत सरकत आजोबांच्या अगदी कुशीत आली.

"तो आन्सर होता," ती त्यांच्या कानात म्हणाली. "क्वेश्चन नव्हता. सो यू डिडन्ट लूज. स्कूल सुटलं की मी येते."

टिपणीसांना विचारायचं होतं, शाळा नक्की कुठल्या तारखेला सुटते, विमान थेट आहे की मधे बदलावं लागतं, खिडकीची जागा हवी का, रात्री दिवा लागतो का. त्यांनी काहीच विचारलं नाही. चारचौघांत, ओठाला पावाचा चुरा तसाच ठेवून, ते ढसाढसा रडले. रॉझलिनबाईंना घाई नव्हती. त्यांचं रडून होईपर्यंत त्या थांबल्या.