खारूच्या बाटलीतल्या पेशी

माझी नणंद लिम्फोमावर संशोधन करते, म्हणजे गाठींच्या कॅन्सरवर, आणि नेमका तोच आजार तिच्या सख्ख्या भावाला व्हावा हा चावटपणा कोणाचा, ते मला अजून कळलेलं नाही. भाऊ म्हणजे माझा नवरा. हा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला तरी शेजारी बसून गप्पा मारत राहील, असा. बहिणीला लहानपणापासून खारू म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

केमो झाली, ती बदलून झाली, आणि डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा खारूने त्यांच्या परवानगीने याच्या काखेतल्या गाठीचा तुकडा आपल्या प्रयोगशाळेत नेला. त्यातल्या पेशी गुलाबी पाण्याच्या बाटलीत घालून अंगाइतक्या उबेच्या कपाटात वाढवायच्या आणि त्यांच्यावर एकेक औषध घालून बघायचं, असा बेत होता. अशा पेशी बाहेर सहसा तग धरत नाहीत, हे तिने आधीच बजावलं होतं. पण याच्या जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, घोसाघोसाने वाढल्या. फोनवर खारूला आकाश ठेंगणं झालं होतं.

"शाखा जोरात चाललीय म्हणायची," हा म्हणाला, "मुख्य कार्यालय तेवढं डबघाईला आलंय."

मग एका औषधाने ती अख्खी बाटली साफ केली. डॉक्टर म्हणाले, औषध जहाल आहे, अंगाला सोसेल का सांगता येत नाही, पण आता हेच उरलंय, उद्या सकाळी सुरू करू. माझ्या जिवात जीव आला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्याच दुपारी खारूने मला प्रयोगशाळेत बोलावलं. कपाटं घुमत होती आणि ती स्टुलावर हातमोजे घालून नुसतीच बसली होती. मला बस म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"वहिनी, त्या पेशी दादाच्याच आहेत. पण आजाराच्या नाहीत."

"म्हणजे?"

"चांगल्या आहेत. बहुतेकांच्या रक्तात एक जुना विषाणू झोपलेला असतो. शरीराचा पहारा असतो तोवर गप्प राहतो. बाटलीत पहारा नाही, म्हणून तो जागा झाला आणि त्याने चांगल्या पेशी वाढवल्या. आजाराच्या पेशी सुरुवातीलाच मेल्या."

"आणि हे तुला आज कळतंय?"

"ओळख पटवायची तपासणी आजच आली. ती येईपर्यंत थांबायला दादाकडे वेळ कुठे होता? मी औषधं घालत राहिले. वाढतंय म्हणजे आजारच, असं धरून चालले."

जन्म कॅन्सर बघण्यात गेलेल्या माणसांचंच असं होत असणार. भराभर वाढणारी गोष्ट चांगली असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"आधी तुला सांगतेय."

"मग नको सांगू." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "देऊ देत औषध. कशावरून लागू पडणार नाही?"

"वहिनी, त्याच्या चांगल्या पेशी त्या औषधाने मरतात. मला फक्त एवढंच माहीत आहे."

"काहीच न देण्यापेक्षा बरं ना ते? खारू, मी तुझ्या पाया पडते."

ती मान हलवत राहिली. मग मी नको ते बोलले. सांगितलंस तर आमच्या घराचं दार तुला बंद, म्हटलं. ती म्हणाली, "बरं." हातमोजे काढून तिने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. बोलताना एकदाही अडखळली नाही, आणि फोन ठेवल्यावर बेसिनमध्ये ओकली. मी तिची पाठ चोळली. दुसरं करणार काय?

हॉस्पिटलमध्ये तिनेच याला सगळं सांगितलं, उद्याचं औषध रद्द झालं हेही. याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तिथे माझ्या चांगल्या पेशी वाढत होत्या?"

"हो."

"आणि आपण त्याच मारल्या."

"मी मारल्या, दादा."

"आता दुसरं काही आहे?"

लहानपणापासून हिच्याकडे प्रश्नाआधी उत्तर तयार असायचं, असं हाच कौतुकाने सांगायचा. आज ती "नाही, दादा," एवढंच म्हणाली. मग याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा, घरी जाऊन झोप. तोंड बघ कसं झालंय," म्हणाला. एवढं सगळं होऊन समजूत तिची काढली जात होती, याचा मला राग आला.

ती गेली. मी सलाईनची नळी उगाच सरळ करत बसले. आता हा काहीतरी विनोद करेल, शाखा बंद पडली वगैरे म्हणेल, अशी वाट बघत होते.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

लग्नापासून त्याच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. "आधी नव्हती वाटत?"

"वाटायची. पण खारूची बाटली होती ना."

"मलाही वाटते," मी म्हटलं, आणि चपला काढून त्याच्या शेजारी पलंगावर चढले. त्याने नळीचा हात सावरत मला जागा करून दिली.