पाचापैकी चार

सईने खोडरबर दाबून फिरवला आणि समासातला ‘मेटाफर’ पुसून टाकला. कागद तिथे जरासा खरवडला गेला. तिने फुंकर मारली.

सात सापडले होते. तीन पुसले, आता चार उरले.

पाच हवे होते. विनायक सरांचा नियमच तसा. इंग्रजी गोष्टीत निदान पाच अलंकार, खाली पेन्सिलीची रेघ, बाजूला त्याचं नाव. चार निघाले की अलिबागच्या जिल्हा स्पर्धेसाठी गोष्ट बाद, मग ती कितीही जिवंत असो. नववीत अलंकार सगळ्यात पक्के सईचे, म्हणून मधल्या सुट्टीत सरांनी भाविकाची वही तिच्याच हातात दिली होती.

“तिला नावं येत नाहीत गं. तू शोधून दे. तुम्हा दोघींतली एकच गोष्ट पाठवायचीय.”

सईच्या स्वतःच्या गोष्टीत अकरा अलंकार होते. एकाकी झाड, रडणारा चंद्र, सगळं जागच्या जागी. आई ‘छान’ म्हणाली होती आणि पुन्हा मोबाइलकडे वळली होती.

भाविकाच्या गोष्टीत तिचा आजा होता. मिठागर गेलं आणि घर करंजाड्यात अकराव्या मजल्यावर आलं. भरतीची वेळ झाली की आजा अजून उठतो, खारं पाणी आत शिरेल म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबतो. मग तिथेच ओहोटीतल्या होडीसारखा कलंडून झोपतो. लिफ्टलासुद्धा त्याचा कंटाळा आलाय. इंग्रजी मोडकंतोडकं, स्पेलिंगचं तर विचारूच नका. पण सईने ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा तिचे दात दातांवर घट्ट बसले. हिला कुठून सुचतं हे? डबा खाऊन स्कर्टला हात पुसते ही!

घंटा झाली. सर आले, वही उघडली.

“चारच?”

“हो सर. दोनदा बघितलं.”

“वाचताना जास्त वाटले होते मला.” सरांनी पान उलटलं, परत उलटलं आणि वही मिटली. “असो. नियम तो नियम. तू तयारीला लाग.”

वही न्यायला भाविका पुढे आली. सईच्या बाकाशी थांबली, वाकली.

“चार गावले? मला वाटला, एक पन नाय गावाचा. तुज्यामुलं कललं तरी. थँक्यू हां.”

“हं,” सई म्हणाली आणि पुस्तक उघडलं. उलटं होतं, ते सरळ केलं.

सरांनी फळ्यावर नवा शब्द लिहिला: ड्रॅमॅटिक आयरनी.

“म्हणजे काय? सई.”

ती उठली. “वाचणाऱ्याला माहीत असतं सर. गोष्टीतल्या माणसाला नसतं.”

“बरोब्बर. आता उदाहरण दे. आपल्या रोजच्यातलं.”

सई उभीच राहिली. उदाहरणाला ती कधी अडत नसे; एक मागितलं तर तीन द्यायची. सरांनी खडू खाली ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“बस मग. दुसरं कोण सांगतंय?”

“सर, थांबा ना जरा.” मागच्या बाकावरून भाविका बोलली. “तिला येतंय.”