पूजेला बसलेली पुस्तकं

"बस ना वक्कीलम्मा, खुर्ची चावते का?"

कनकाने मुरमुऱ्या-चण्यांची पुडी टेबलावर ठेवली. भवानी उभीच राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा होती. मद्रासजवळ अंबत्तूरच्या त्या वॉल्व्हच्या कारखान्यात लेथपासून हजेरीच्या रजिस्टरापर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागलं होतं. फाटकावर कोहळा फुटला होता आणि भवानीच्या जुन्या टाइपरायटरवर झेंडूची माळ होती. पूजेच्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळे हजेरी-कारकून भवानीला आज करायला काहीच नव्हतं. हात रिकामे असले की मन नको तिथे जातं.

"कॉलेजचं पत्र आलं ना?" कनकाने विचारलं. ती तमिळच बोलायची. भवानीची घरची मराठी तिला कावळ्यांच्या भांडणासारखी वाटायची, आणि तसं ती तोंडावर सांगायचीही.

"आलं."

"मग परवा चारच्या आत हजर व्हायचं. साहेबाला सांगितलंस?"

"नाही. जाणार नाही मी. ते मार्क माझे नव्हेत, कनकाक्का."

"मग कुणाचे? माझे? मी तर अजून अंगठा उठवते."

हसत हसत कनकाने डावा हात पुढे केला. त्या हाताची दोन बोटं प्रेसने खाल्ली होती. चूक कनकाचीच, असं मालकाने लिहून काढलं होतं आणि तिला कामावरून घालवायचं ठरवलं होतं. तेव्हा भवानीनेच चार पानी उत्तर टाइप करून दिलं. प्रेसवरची जाळी तीन आठवडे काढून ठेवलेली होती आणि तशी नोंद कारखान्याच्याच वहीत होती, हे तिने तारखेसकट दाखवलं. कनका कामावर राहिली. तेव्हापासून ती भवानीला वक्कीलम्मा म्हणायची. लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्मही तिनेच पाठीस लागून भरायला लावला होता.

"हे डोकं कुणाचं होतं मग?" कनका म्हणाली.

भवानी टाइपरायटरवरची माळ सरळ करू लागली. खरं सांगितलं असतं तर कनकाने तिला मांत्रिकाकडे नेलं असतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये तिला अण्णाचा आवाज ऐकू आला होता.

अण्णा म्हणजे थोरला भाऊ वेंकट. तंजावरकडून पिढ्यांपूर्वी मद्रासेत आलेल्या त्या घरातला लॉ कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. संध्याकाळी तो गच्चीवर फेऱ्या मारत इंग्रजी कलमं घडाघडा म्हणायचा. खाली भांडी घासताना भवानी ऐकायची. तिला एक अक्षर कळायचं नाही. शाळेत बाईंनी तिला 'मक्कू' म्हणून ठेवलं होतं, म्हणजे मठ्ठ. आई तेच मायेने म्हणायची, "बुद्धी सारी वेंकटानं नेली. हिच्या वाटेस हात आले." भवानीला त्यात वावगं वाटलं नाही. हातांना काम मिळत होतं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी वेंकट मित्रांबरोबर मद्रासजवळच्या कोवलमला गेला आणि समुद्रातून परत आला नाही. त्याला पोहता येत नव्हतं. मित्र काठावर होड्यांच्या सावलीत बसले होते, हा एकटाच चालत आत गेला. का गेला, हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. वर्षभरात वडीलही गेले. नऊ वर्षं झाली, पण भवानी छापील कागद हातात घेऊन बसली की गच्चीवरच्या त्या फेऱ्या तिच्या डोक्यावर सुरू व्हायच्या. टपालाने बी.ए. केलं तेव्हाही तसंच. परीक्षेत तर शेजारी उभा राहून तो सांगत होता आणि ती लिहीत गेली, असंच तिला वाटत होतं. मेलेल्या माणसाच्या जागेवर बसायचं, तेही त्याच्याच मार्कांवर? तिचं मन धजेना.

घरी आली तर आई, राजसबाई, देवापुढे बसली होती. पाटावर सरस्वतीची तसबीर, शेजारी भवानीचं पेन, घरातली कात्री, पळी. आणि सगळ्यात मागे तांबड्या कापडात बांधलेलं वेंकटाच्या पुस्तकांचं गाठोडं.

आज पूजेला बसवलेली पुस्तकं उद्या, दसऱ्याला, उठवायची आणि एक ओळ तरी वाचायची, अशी सगळ्यांच्याच घरी रीत. पण वेंकट गेला त्या वर्षी आईने त्याची पुस्तकं पूजेला बसवली ती उठवलीच नाहीत. पूजेतलं पुस्तक उघडायचं नसतं, म्हणून नऊ वर्षं ती कुणी उघडली नव्हती. दर शुक्रवारी गाठोड्याला फूल मात्र वाहिलं जायचं.

"कापड विरलंय का पाहा गे," राजसबाई म्हणाली. "मजला आता दिसत नाही."

"उद्या पाहते."

भवानीने मनाशी ठरवलं होतं. उद्या ती पुस्तकं उघडायची. परीक्षेत आपण जे लिहिलं ते त्यात अण्णाच्या खुणेसकट सापडलं, की शंका मिटली. मग जागा सोडून द्यायची आणि परवा मुकाट हजेरी मांडायला बसायचं.

दसऱ्याच्या सकाळी तिने गाठोडं पुढे ओढलं. आईचे कान तिखट होते.

"काय करत्येस गे?"

"उठवत्ये."

"नको. राहू दे तिथं."

"आज वाचायचा दिवस आहे, आई. एक ओळ वाचत्ये."

दसऱ्याला वाचू नको असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दोरी हात लावताच तुटली. कापडातून जुन्या कापराचा आणि कसरीचा वास आला.

सगळ्यात वर करारांच्या कायद्याचं पुस्तक होतं. भवानीला परीक्षेतला प्रश्न पाठ होता. दुकानदाराने वस्तूवर किंमत लिहून ती मांडून ठेवली, तर तेवढ्याने तो ती विकायला बांधला गेला का? ती दोन क्षण थांबून लिहीत सुटली होती. नाही बांधला गेला. त्याने नुसती वस्तू दाखवली आहे. 'मला द्या' असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मागणी होते, आणि दुकानदार 'घे' म्हणतो तेव्हा करार. आठवड्याच्या बाजारात उभ्या राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

ते पान सापडलं. समासात पेन्सिलीने अण्णाचं अक्षर होतं. लिपी तमिळ. तिने वाचून पाहिलं तर भाषा मराठी, घरातली. वर्गातल्या शेजाऱ्याला अक्षरं वाचता आली असती, पण अर्थ लागला नसता. घरच्या माणसाला लागला असता, पण घरचं माणूस हे पुस्तक उघडणारच नव्हतं.

'कळलं नाही.'

खाली, वेगळ्या दिवशी लिहिलेलं, 'कळलं नाही.' त्याच्याही खाली, कागद फाटेल इतकं दाबून, 'कळलं नाही.'

तिने पान उलटलं. पुढे तेच. दुसरं पुस्तक उघडलं, तिथेही तेच. कुठे एका ओळीपाशी, कुठे सबंध पानाला कंस करून. एका ठिकाणी एवढंच जास्त होतं, 'सगळ्यांना कळतं.'

तिच्या डोक्यावरच्या फेऱ्या थांबल्या. ज्याला हे कळलं नव्हतं, त्याने तिला ते कसं सांगितलं असेल? ते उत्तर तिचंच होतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र कोवलमच्या वाळूवरून एकटाच पाण्याकडे चालत जाणारा पाठमोरा मुलगा दिसत राहिला.

"वाचलीस का ओळ?" आईने विचारलं.

"वाचली."

"काय लिहिलंय त्यानं?"

राजसबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. भवानीने पुस्तक मांडीवर ठेवलं.

"कळलं नाही, असं लिहिलंय. बहुतेक सगळ्या पानांवर."

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपल्याचा वास येऊ लागला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"शेवटी शेवटी गच्चीवर एकच वाक्य म्हणत होता," राजसबाई म्हणाली. "आठ दिवस तेच. मजला वाटलं, पाठ होतंय. शेजारणीस सांगितलं मी, माझा वेंकट बघा कसा घोटतोय." तिने गाठोड्याचं कापड चाचपलं. "विचारलं असतं तर मजला काय सांगता आलं असतं? पण विचारलं असतं तर."

वाक्य तिने पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी भवानी निघाली तेव्हा आईने दहीभाताचा डबा तिच्या हातात दिला. तो त्या तांबड्या कापडात बांधलेला होता.

"राजीनामा?"

"दिलाय कनकाक्काकडे. साहेबाच्या टेबलावर ती ठेवणार आहे. म्हणाली, लोक म्हणतील कनकाला लिहिता यायला लागलं."

राजसबाई हसली नाही. "घरी येऊन गच्चीवर वाचू नको," ती म्हणाली. "इथं चुलीपाशी बसून वाच. सरि?"

"सरि." बरं म्हणून भवानीने डबा पिशवीत ठेवला.

आठवड्याने वर्ग सुरू झाले. भवानी तिसऱ्या बाकावर बसली. तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलं-मुली सभोवती भराभर इंग्रजी बोलत होती. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि करारांच्या कायद्याला सुरुवात केली. वीस मिनिटं ते न थांबता बोलले. भवानीला पहिली पाच मिनिटं समजली, मग दोरा सुटला. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे लिहीत होते.

"समजलं?" प्राध्यापकांनी विचारलं.

माना हलल्या. ते पान उलटू लागले.

भवानी उभी राहिली. तिने बाकाची कड धरली. इंग्रजी वाक्य तिने जुळवलं होतं, ते ऐन वेळी आठवेना.

"पुरियलै, सर," ती तमिळमध्ये म्हणाली. "मला कळलं नाही."

मागे कुणीतरी हसलं. प्राध्यापकांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"कुठपासून?"

"बऱ्याच आधीपासून, सर."

ते फळ्याकडे वळले, लिहिलेलं सगळं पुसलं आणि खडू घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, या वेळी सावकाश. मघाशी हसलेला मुलगाही वहीत नवीन पान काढत होता.

भवानी खाली बसली. तिने घरून आणलेलं अण्णाचं पुस्तक उघडलं. ज्या जागी त्याने कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं, आणि ऐकत राहिली.